जखमीचा हिशेब बिलांपुरताच का?

अपघातात मांडीचे हाड मोडले, दोन-तीन महिने खाटेवर काढावे लागले, तर त्या दुखण्याची किंमत किती? मोटार वाहन कायद्याला १९९४ साली जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीत याचे उत्तर छापलेलेच होते. दुखापत गंभीर असेल तर ५ हजार रुपये, नसेल तर १ हजार. औषधपाण्याचा खर्च बिले दाखवून मिळायचा, तोही १५ हजारांपर्यंतच. ज्याला कमाई नाही, त्याचे उत्पन्न वर्षाला १५ हजार धरायचे. मे २०१८पर्यंत हा तक्ता कायद्याच्या पुस्तकात जसाच्या तसा होता. मधल्या चोवीस वर्षांत घरभाडे, पेट्रोल, एक्स-रे, सलाईन, सगळ्यांचे भाव कुठल्या कुठे गेले. दुखण्याचा भाव तेवढा जागचा हलला नाही.

हा तक्ता समोरच्या चालकाची चूक सिद्ध न करता ठरीव सूत्राने भरपाई मागणाऱ्यांसाठी होता. चूक सिद्ध करून ‘न्याय्य भरपाई’ मागण्याचा कलम १६६चा रस्ता तेव्हाही खुला होता, आजही आहे, आणि त्या रस्त्याला रकमेची कमाल मर्यादा नाही. तरीही त्या ५ हजारांमागची वृत्ती अजून गेलेली नाही. जखमी माणूस दवाखान्याची बिले घेऊन येतो, बिलांची बेरीज होते, वर थोडी रक्कम ‘त्रासापोटी’ टाकली जाते आणि प्रकरण मिटते. भरपाई म्हणजे बिलांची परतफेड आणि वर थोडी दया, असा समज जखमीच्या घरात असतो, विमा कंपनीला तो सोयीचा असतो, आणि कित्येकदा जखमीचा वकीलही त्याच समजाने अर्ज भरतो.

प्रश्न किती मोठा आहे? २०२२ या एका वर्षात देशभरात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जखमी झाली. महाराष्ट्रातल्या मृतांचा आकडा १५ हजारांच्या पुढे होता. मृत्यूची बातमी होते, मदत जाहीर होते, पुढारी भेटून जातात. ‘आणि चार जण जखमी’ या शेपटाच्या वाक्यातल्या चौघांचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. त्यांतला एखादा आयुष्यभर कुबडी घेऊन चालतो आणि एखादीच्या घरचे निम्मे उत्पन्न तिची शुश्रूषा करण्यात जाते.

कायदा मात्र या चौघांना विसरलेला नाही. मुंबईतल्या एका वकिलाच्या अपघाताच्या दाव्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचे दोन मोठे भाग स्पष्ट केले. एक, पैशात मोजता येणारे नुकसान. दुसरा, पैशात मोजता न येणारे, पण पैशाखेरीज भरून देण्याचे दुसरे साधनच नसलेले नुकसान. पुढे ऑक्टोबर २०१०मध्ये न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या निकालाने या दोन भागांतली खाती एकेक करून मांडली, आणि आज देशातले प्रत्येक मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याच यादीवर चालते.

पहिल्या भागात तीन खाती. उपचारांचा खर्च हे पहिले. त्यात शस्त्रक्रिया आणि औषधे येतातच, शिवाय रुग्णालयात जाण्यायेण्याचे भाडे आणि पौष्टिक आहाराचा खर्चही येतो. दुसरे खाते बुडालेल्या कमाईचे. उपचार चालू असताना जी मजुरी किंवा पगार बुडाला तो एक, आणि कायमच्या अपंगत्वामुळे पुढे जी कमाई बुडणार ती वेगळी. तिसरे खाते पुढच्या उपचारांचे : आत घातलेली सळई काढणे, कृत्रिम पाय काही वर्षांनी बदलणे, फिजिओथेरपी. दुसऱ्या भागातही तीन : वेदना आणि मानसिक धक्का, जगण्यातल्या सुखांना मुकणे, आणि आयुष्यच कमी होणे. तरुण मुलामुलींच्या बाबतीत लग्न जुळण्याची शक्यता कमी होणे, हेही नुकसान न्यायालये मोजतात.

सगळ्यांना सगळे मिळते असे नाही, आणि ते योग्यच आहे. साध्या दुखापतीत उपचारांचा खर्च, त्या काळात बुडालेली कमाई आणि वेदना एवढीच खाती उघडतात. बाकीची गंभीर दुखापतीत, आणि वैद्यकीय पुरावा असेल तरच. म्हणजे यादी उधळपट्टीची नाही. तोलून-मापून केलेली आहे.

खरी लढाई होते ती पुढच्या कमाईच्या खात्यावर. सरकारी रुग्णालयाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र हातात पडले की त्यावरचा टक्का हाच भरपाईचा टक्का, असे पुष्कळांना वाटते. २०१०च्या त्याच निकालाने हा घोटाळा निस्तरला. डावा हात गेला तर सुताराची किंवा चालकाची कमाई जवळजवळ सगळीच बुडते. तोच हात सरकारी कारकुनाचा गेला तर त्याची नोकरी टिकू शकते, पगारही तोच राहू शकतो. डॉक्टर अवयवाचा टक्का सांगतो, न्यायाधीशाने कमाईचा टक्का काढायचा असतो. त्या दाव्यातल्या विक्रेत्याच्या पायाचे अपंगत्व ४५ टक्के होते. न्यायालयाने कमाईतली घट २० टक्के धरली.

हे उलट्या दिशेनेही होते, आणि तेव्हा जखमीला सावध असावे लागते. टायपिंग आणि डेटा एन्ट्रीचे काम करणाऱ्या वीस वर्षांच्या एका तरुणाचा उजवा हात अपघातात गेला. प्रमाणपत्र होते ८९ टक्क्यांचे. उच्च न्यायालयाने कमाईतली घट ४५ टक्क्यांवर आणली. सप्टेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ६५ टक्के केली. ज्याची रोजीरोटी दोन हातांच्या बोटांवर, त्याचा एक हात गेल्यावर कमाई निम्मीसुद्धा बुडाली नाही असे म्हणणे वास्तवाला धरून नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. हिशेब कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. महिन्याची कमाई १० हजार धरली. तरुण असल्याने भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवले, झाले १४ हजार. वर्षाचे १ लाख ६८ हजार. वयाच्या तक्त्यानुसार गुणक १८. गुणाकार ३० लाख २४ हजार. त्याचे ६५ टक्के म्हणजे १९ लाख ६५ हजार ६०० रुपये, फक्त या एका खात्यात. टक्का ४५च राहिला असता तर हीच रक्कम १३ लाख ६० हजारांवर आली असती. वीस टक्क्यांच्या फरकाने ६ लाख.

हा गुणाकार अवघड नाही, दहावीच्या मुलालाही जमेल. पण अर्जात कमाईचा पुरावा नसेल, डॉक्टर साक्षीला आला नसेल आणि ‘हा माणूस हाताने नेमके काय काम करायचा’ हे कोणी सांगितलेच नसेल, तर तो गुणाकार होतच नाही.

आणखी एक खाते बहुतेक अर्जांत कोरे राहते : सोबत करणाऱ्या माणसाचे. हरियाणातल्या बारा वर्षांच्या एका मुलीच्या डोक्याला २००७ साली अपघातात मार लागला. शरीर वाढत गेले, बुद्धी नऊ महिन्यांच्या बाळाएवढी राहिली. न्यायाधिकरणाने ११ लाख दिले, उच्च न्यायालयाने २५ लाख ७८ हजार. फेब्रुवारी २०२०मध्ये न्या. दीपक गुप्ता यांच्या पीठाने ही रक्कम ६२ लाख २७ हजारांवर नेली. त्यातले २१ लाख ६० हजार केवळ सांभाळणाऱ्यांसाठी होते. दिवसा एक आणि रात्री एक माणूस, प्रत्येकी महिना ५ हजार, गुणक १८. आई रजा न घेता, पगार न मागता हे काम करते म्हणून ते फुकट होत नाही, हे या आकड्याने मान्य केले. आपल्याकडे लकवा झालेल्या किंवा मेंदूला मार लागलेल्या रुग्णाचे सगळे घरची बाई करते, आणि अर्जात त्या श्रमाची एक ओळही नसते.

जखमी होणारी बाईच असेल तर हिशेब आणखी बिघडतो. ‘व्यवसाय : गृहिणी, उत्पन्न : काही नाही’ असे अर्जात लिहिले की कमाई बुडण्याचा प्रश्नच मिटला! जानेवारी २०२१मध्ये न्या. एन. व्ही. रमणा यांनी एका मृत्यूच्या दाव्यात याचा समाचार घेतला. २०१९च्या सरकारी पाहणीनुसार बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकामात घालवते, पुरुष ९७ मिनिटे. या श्रमाला पैशाचे मोल आहे, ते धरलेच पाहिजे, असे त्यांनी नोंदवले. मेलेल्या गृहिणीच्या कामाला मोल असेल, तर मनगट मोडून सहा महिने पोळी लाटू न शकलेल्या गृहिणीच्या कामालाही आहे.

आता वेदनेकडे येऊ. ऑक्टोबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने मृत्यूच्या दाव्यांतले ठरीव आकडे बांधून दिले : जोडीदार गमावल्यापोटी ४० हजार, मालमत्तेच्या हानीपोटी १५ हजार, अंत्यविधीसाठी १५ हजार, आणि दर तीन वर्षांनी त्यांत १० टक्के वाढ. रक्कम थोडी वाटेल, पण ती महागाईबरोबर चालते, आणि गडचिरोलीच्या विधवेला मुंबईच्या विधवेपेक्षा कमी मिळत नाही. जिवंत राहिलेल्या जखमीच्या वेदनेसाठी असे काहीच नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये शंभर टक्के असमर्थ ठरलेल्या एका जखमीला सर्वोच्च न्यायालयाने वेदनेपोटी १५ लाख आणि एकूण १ कोटी २ लाखांवर भरपाई दिली. अपघात झाला होता २००८ साली. दिल्लीपर्यंत पोहोचलेल्याला, तेही सोळा वर्षांनी, १५ लाख. जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात किंवा लोकअदालतीत ‘फुल अँड फायनल’ची सही करणाऱ्याच्या वेदनेचा आकडा मात्र समोर बसलेल्यांच्या अंदाजावर ठरतो. तडजोडीच्या कागदावर तर खाती वेगळी दाखवलेलीही नसतात. एकच गोळा आकडा असतो. त्यात वेदनेचे किती आणि बिलांचे किती, हे सही करणाऱ्यालाही सांगता यायचे नाही.

दुखापत तीच, पण ती कुठे झाली यावर तिची किंमत बदलते, हा आणखी एक विचित्र प्रकार. कारखान्यातल्या कामगारासाठी १९२३च्या कायद्यापासून चालत आलेला तक्ता आहे : अंगठा गेला तर कमाईतली घट ३० टक्के, तर्जनी गेली तर १४, मधले बोट १२, करंगळी ७. भोसरी-चाकणच्या पॉवर प्रेसवर बोट गमावलेल्या तरुणाला या तक्त्याने पैसे झटपट मिळू शकतात, पण त्यात वेदनेचे खातेच नाही. रेल्वेचा हिशेब आणखी निराळा. १ जानेवारी २०१७पासून मृत्यूला ८ लाख, दोन्ही हात गेले तरी ८ लाख. लोकलमधून पडलेल्याच्या अंगावर तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मुंबईच्या गर्दीत पाकिटासकट पास हरवणाऱ्यांसाठी हा मोठाच दिलासा. ठोकून पळून गेलेले वाहन सापडलेच नाही, तर एप्रिल २०२२पासून गंभीर जखमीला ५० हजार. त्याआधी साडेबारा हजार होते.

खड्ड्यांसाठी तर ऑक्टोबर २०२५पर्यंत ठरलेले काहीच नव्हते. त्या महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या पीठाने खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने झालेल्या मृत्यूला ६ लाख आणि दुखापतीला ५० हजार ते अडीच लाख असा दर घालून दिला. चांगले रस्ते हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, ही त्यामागची भूमिका. पालिकांवर वचक बसवायचा तर असे आदेश हवेतच. तरीही अडीच लाखांची वरची मर्यादा पाठीचा कणा मोडलेल्या दुचाकीस्वाराला कशी पुरावी, हा प्रश्न राहतो.

याखेरीज भरपाईचा एक प्रकार आपल्याकडे नावापुरताच उरला आहे. दंडात्मक भरपाई. ती जखमीच्या नुकसानाकडे न पाहता दोषी माणसाच्या बेफिकिरीकडे पाहते. जून १९९७मध्ये दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातल्या आगीत ५९ प्रेक्षक गुदमरून मेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००३मध्ये मालकांना अडीच कोटींची दंडात्मक भरपाई लावली. कमाईच्या लोभापायी वाढवलेल्या खुर्च्यांनी बाहेर पडण्याची वाट अडवली होती. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती २५ लाख केली. अडीच कोटींचे २५ लाख झाल्यावर चित्रपटगृहाच्या मालकांनी त्यातून धडा काय घ्यायचा? जखमींना प्रत्येकी १ लाख मिळाले, दोन्ही न्यायालयांत तेवढेच.

विमा कंपन्यांचे म्हणणेही ऐकायला हवे. रकमा वाढल्या की थर्ड पार्टीचा हप्ता वाढतो आणि तो शेवटी प्रत्येक वाहनधारक भरतो, हे खरे आहे. खोटे दावे होतात, हेही खरे. उत्तर प्रदेशात बनावट दाव्यांच्या तपासासाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावे लागले. परंतु खोट्या दाव्यावर उपाय तपासाचा आहे. खऱ्या जखमीची खाती कोरी ठेवून बनावट जखमी थांबत नाही, उलट खोटी बिले तयार करण्यात तोच तरबेज असतो. बिलांखेरीजच्या नुकसानीचा पुरावा, म्हणजे पूर्वीचे काम, आजची अवस्था, डॉक्टरची उलटतपासणी, हा बनवायला कितीतरी अवघड असतो.

दिलेल्या पैशाचीही कथा धड नाही. एप्रिल २०२५मध्ये न्या. अभय ओक यांच्या पीठासमोर जे आकडे आले, त्यांनुसार महाराष्ट्रातल्या न्यायाधिकरणांत भरपाईचे ४५९ कोटी रुपये कोणी न नेता पडून होते. गोव्यात ३ कोटी ६१ लाख. निकाल लागला, विमा कंपनीने पैसे भरले आणि ज्याच्यासाठी भरले त्याचा पत्ताच नाही. दहा-पंधरा वर्षे चाललेल्या दाव्यात माणूस गाव सोडतो, वकील बदलतो, कधी मरूनही जातो. सर्वोच्च न्यायालयाने दावेदाराचे बँक खाते, आधार आणि संपर्क अर्जातच घ्यायला सांगितले आहे. हे पूर्वीच व्हायला हवे होते.

मग करायचे काय? नवा कायदा लागणार नाही, आहे त्याचीच अंमलबजावणी नीट हवी. २०२२च्या नियमांनुसार अपघातानंतर ४८ तासांत पोलिसांनी न्यायाधिकरणाला पहिला अहवाल पाठवायचा असतो आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो. त्या पहिल्या अहवालाबरोबरच जखमीच्या घरच्यांच्या हातात मराठीतला एक पानी तक्ता पडला पाहिजे : भरपाईची सगळी खाती, आणि प्रत्येकासाठी कोणता कागद जपायचा. तो छापायला राज्य विधी सेवा प्राधिकरणाला फारसा खर्च येणार नाही. लोकअदालतीतल्या प्रत्येक तडजोडीवर खातेनिहाय रकमा लिहिणे सक्तीचे करावे. सरकारी रुग्णालयांनी अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर ‘रुग्ण त्याचे पूर्वीचे काम करू शकेल का’ एवढा एक रकाना वाढवावा आणि डॉक्टरांची साक्ष व्हिडिओवर घ्यावी. आणि मृत्यूच्या दाव्यांत जशी दर तीन वर्षांनी वाढणारी रक्कम ठरली, तशी गंभीर जखमीच्या वेदनेसाठीही किमान रक्कम ठरवावी. कमाल मर्यादा नको, किमान हवी.

तोवर वाचकांनी आपल्यापुरते एवढे करावे. अपघात झाला की एफआयआर, पंचनामा आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती लगेच घ्याव्यात. औषधांच्या पावत्यांबरोबर रिक्षाभाड्याच्या पावत्याही ठेवाव्यात, सांभाळायला माणूस ठेवला असेल तर त्याला पैसे बँकेतून द्यावेत. कामाचा आणि कमाईचा पुरावा शोधावा. पगारपत्रक नसेल तर मालकाचे पत्र, पासबुक, युनियनचे कार्ड, यांतले काहीही चालेल. केंद्राच्या २०२५च्या योजनेत अपघातानंतरचे सात दिवस दीड लाखांपर्यंत उपचार रोख न भरता मिळतात, त्याची चौकशी रुग्णालयात शिरतानाच करावी. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. या मुदतीला आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नये. आणि वकिलाने टाईप करून आणलेल्या अर्जावर सही करण्याआधी प्रत्येक खाते वाचून पाहावे. कोरे दिसले तर ते कोरे का, हे विचारावे.